जोडून दिलं की निघायचं

रविवारी सकाळी अकराला ऑपरेटरबाई फोनसमोर बसल्या की त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही, असा त्या घरातला नियम आहे. घरात त्यांच्याशिवाय दुसरं कुणीच राहत नाही, त्यामुळे नियम आजवर एकदाही मोडलेला नाही. केस विंचरलेले, चष्मा पुसलेला, अंगात इस्त्रीचे कपडे. पाठ ताठ राहावी म्हणून सोफा सोडून जेवणाच्या टेबलाची लाकडी खुर्ची. समोर वही, आणि वहीत तीन नावं, एकाखाली एक.

पहिली धाकटी, म्हणजे मुलगी. ती समुद्रापलीकडे राहते, आणि लांबची लाइन आधी मागायची हे बाईंच्या हाडीमांसी मुरलेलं. मग थोरला, म्हणजे मुलगा, गाडीने सहा तासांवर. शेवटी थोरल्याची मुलगी. लहानपणी पाय म्हणून एका जागी ठरायचे नाहीत, म्हणून तिला भिंगरी म्हणायला लागले, आणि आता ती तेवीस वर्षांची झाली, नोकरीसाठी तिसऱ्याच गावी खोली घेऊन राहू लागली, तरी नाव काही सुटलं नाही.

बाईंचं वय अठ्ठ्याहत्तर. त्यातली चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. फोन उचलला की पलीकडून एक बाई 'नंबर सांगा' म्हणायची आणि समोरच्या बोर्डावर हाताने दोरी खोचून दोन माणसं जोडून द्यायची, त्या काळातली ही गोष्ट. पुढे यंत्रं आली, बोर्ड भंगारात गेला, बाया घरी गेल्या. गल्लीतली मंडळी मात्र अजून ऑपरेटरबाईच म्हणतात. खरं नाव फक्त पोस्टमनला ठाऊक होतं, आणि हल्ली तोही फिरकत नाही.

तर अकराला बाई एकेकाला फोनवर घेतात. पडद्यावर एक चौकट उघडते, मग दुसरी, मग तिसरी. "आवाज येतोय? धाकटे, तुला? भिंगरे, तुला? बरं. बोला." एवढं म्हणून बाई लाल बटण दाबतात आणि निघतात. तेव्हा घड्याळात अकरा वाजून चार मिनिटं झालेली असतात. मग त्या बटाटे सोलायला घेतात. फोन समोर उभा करून ठेवलेला असतो, त्यावर 'कॉल चालू आहे' अशी एक हिरवी पट्टी दिसते, आणि तिच्यावर बाईंची नजर असते. एक्स्चेंजमध्ये दोन माणसं बोलत असेपर्यंत बोर्डावर एक बारीक दिवा जळायचा, तसंच हे. कधी चाळीस मिनिटं, कधी तासभर. पट्टी गेली की बाई वहीत वेळ लिहून ठेवतात. लेकरं तासभर एकमेकांशी बोलली, या विचाराने त्यांचा आख्खा रविवार छान जातो.

आता कुणी म्हणेल, हा कुठला वेडेपणा? स्वतःच्या मुलांना फोन लावायचा आणि स्वतःच पळ काढायचा? पण बाईंना त्यात वेडेपणा दिसतच नव्हता. नोकरीच्या पहिल्या दिवशी सुपरवायझरबाईंनी त्यांना सांगितलं होतं, "नंबर घ्यायचा, जोडून द्यायचं, दोघांचा आवाज ऐकू आला की आपली ऐकायची कळ खाली टाकायची. त्यानंतर तू तिथे नाहीस. आणि चुकून काही कानावर पडलंच, तर ते तुझं नाही. ते उचलायचं नाही, वापरायचं नाही, कुणाला द्यायचं नाही." एकवीस वर्षांच्या पोरीने हे ऐकलं आणि मनाशी गाठ मारली. वाढणाऱ्याने वाढावं, जेवणाऱ्याच्या ताटात बोट घालू नये, असं त्या पुढे नव्या मुलींना शिकवायच्या.

या गाठीची एकदा फार मोठी परीक्षा झाली होती. दुपारच्या पाळीला दोरी खोचता खोचता बाईंच्या कानावर पडलं की गावातला कारखाना महिनाअखेर बंद होणार. त्या कारखान्यात बाईंचा नवरा फोरमन होता. बाई संध्याकाळी घरी आल्या, स्वयंपाक केला, नवऱ्याला वाढलं, आणि अकरा दिवस तोंडातून शब्द काढला नाही. नोटीस लागली त्या दिवशी नवऱ्याने विचारलं, "तुला ठाऊक होतं?" बाई म्हणाल्या, "होतं." तीन दिवस तो बोलला नाही. चौथ्या दिवशी म्हणाला, "तुझ्याकडे ठेवायला दिलेलं चोराच्या बापालाही सापडायचं नाही." यात कौतुक किती आणि राग किती, ते बाईंना तो असेपर्यंत कळलं नाही.

इकडे मुलांच्या लेखी रविवारचा हिशोब अगदी वेगळा होता. आई फोन लावते आणि चार मिनिटांत तिच्या हातून तो कटतो. सुरुवातीला मुलं परत लावायची. बाई उचलायच्या, "आहे, आहे, बोला तुम्ही," म्हणून पुन्हा निघायच्या. थोरल्याने एकदा विचारलंसुद्धा, "आई, फोन का कटतो गं?" बाई म्हणाल्या, "कटत नाही. मी निघते." थोरल्याला वाटलं, आई चूक झाकतेय. म्हातारपणी माणसं झाकतात. त्याने समंजसपणे विषय बदलला, आणि घोटाळा झाला तो या समंजसपणानेच.

मग तो रविवार आला. बाईंनी तिघांना जोडून दिलं, "बोला" म्हटलं, आणि बोट लाल बटणावर जाणार तोच दाराची बेल वाजली. मीटर बघायला माणूस आला होता. फोन टेबलावर पालथा टाकून बाई दाराशी गेल्या. मीटरवाल्याला जिन्याखालची पेटी दाखवली, त्याने आकडे टिपले, पाणी मागितलं, प्यायला, गेला. बाई आत आल्या, सवयीने बटाटा हातात घेतला, आणि पालथ्या फोनमधून थोरल्याचा आवाज आला.

"आईचं आता अवघड आहे. आजही चौकट काळी झाली, गेली बघ. साधा फोन धरता येत नाही तिला, उद्या गॅस चालू राहिला म्हणजे?"

धाकटी म्हणाली, "दादा, तिला एका बटणाचा फोन घेऊन देऊ या का? म्हाताऱ्या माणसांसाठी मिळतात."

"फोनचा प्रश्न नाही गं. पुढच्या महिन्यात पहिल्या तारखेला मी जातो आणि तिला घेऊनच येतो. घराला कुलूप. मग पुढचं पुढे बघू."

"बाबा, आजीला विचारलंत का?" ही भिंगरी.

"विचारलं तर ती नाहीच म्हणणार. म्हणून तर विचारत नाही. आणि तूही तिच्यापाशी बोलायचं नाहीस. मला वचन दे."

भिंगरी "बरं" म्हणाली.

बाईंनी फोन उचलून लाल बटण दाबलं. बटाटा दुसऱ्या हातात तसाच होता. दीड मिनिट ऐकलं होतं त्यांनी. आत आल्या आल्या दाबायला हवं होतं, पण दीड मिनिट त्या उभ्या राहिल्या होत्या, आणि घर जाणार याच्याबरोबर त्यांना याचीही लाज वाटली.

ते घर काही मोठं नाही. दोन खोल्या, स्वयंपाकघर, एक अरुंद गॅलरी. पण सकाळी उठल्यावर डोळे न उघडता कुठे वळायचं ते पायांना ठाऊक, आणि समोरची शिंपीण खिडकीतून रोज हात करते. थोरल्याच्या घरी सगळे जिवाला जीव देतील हे बाई जाणून होत्या. तिथे आपण कायमच्या पाहुण्या होऊ, हेही जाणून होत्या. त्यांना जायचं नव्हतं. आणि हे कुणाला सांगायचीही सोय नव्हती, कारण जे कळलं ते लाइनवर कळलं होतं.

हसू नका. तुमच्या-आमच्यासारखा असता तर त्याच क्षणी फोनमध्ये तोंड घालून "कुलूप कुणाच्या घराला रे?" असं ओरडला असता. बाईंना ते सुचलं नाही असंही नाही. पण ज्या बाईने नवऱ्याची नोकरी जाताना तोंड उघडलं नाही, ती स्वतःच्या घरासाठी उघडणार? मग ते अकरा दिवस फुकट गेले म्हणायचे. आठवडाभर बाई धुमसत राहिल्या. बुधवारी थोरल्याचा फोन आला.

"आई, थोडे दिवस इकडे ये ना. हवापालट होईल."

"इथली हवा चांगली आहे."

"तसं नाही, सगळे मिळून राहू जरा."

"कशासाठी रे?" बाईंनी विचारलं. तो सांगेल अशी त्यांना फार आशा होती. एकदा त्याने सांगितलं असतं, की बाई मोकळ्या.

"असंच," थोरला म्हणाला, आणि डॉक्टरकडे कधी गेली होतीस ते विचारू लागला.

शनिवारी सकाळी भिंगरी दारात. पाठीवर बॅग, हातात केकचा खोका, चप्पल काढायच्या आधी तीन गोष्टी सांगून मोकळी. बाबांनी पाठवलंय, असं तिने प्रामाणिकपणे सांगितलं. आजीला फोन वापरता येतो का ते बघायचं होतं, आणि त्यासाठी बाबांनी दहा कलमांची यादी दिली होती.

या मुलीची नोकरी गमतीची होती. एखाद्या कंपनीला फोन केला की जो यंत्राचा आवाज 'तक्रारीसाठी दोन दाबा' म्हणतो, त्याने काय बोलावं ते ती लिहायची. म्हणजे ही पण ऑपरेटरच, फक्त खुर्चीत कुणी बसत नाही, असं बाई एकदा शिंपिणीला म्हणाल्या होत्या.

यादी पाच मिनिटांत संपली. फोन लावणं, उचलणं, चौघांना घेणं, कॅमेरा फिरवणं, आवाज वाढवणं, बाईंनी सगळं करून दाखवलं, आणि तेही डाव्या हाताने, कारण उजव्या हातात चहाची किटली होती. मग त्या म्हणाल्या, "तुझ्या बापाच्या घरी रविवारी मिक्सर चालू असतो. निघण्याआधी मी त्याचा आवाज बंद करते, म्हणजे तुम्हा दोघींना त्रास नको."

भिंगरीने कप खाली ठेवला. "म्हणून बाबा पहिली पाच मिनिटं मुके असतात? आम्हाला वाटायचं त्यांचा फोन बिघडलाय. दोन फोन बदलले त्यांनी."

"मला नाही सांगितलं त्याने."

"तू असतेस कुठे सांगायला?" भिंगरी हसता हसता थांबली. "आजी, तुला आमच्यापेक्षा जास्त येतं. मग कट का करतेस?"

"कट नाही करत. निघते."

"का पण?"

"तुम्ही जोडले गेलात. माझं काम झालं."

बाईंनी हे अगदी सरळपणे सांगितलं. मग भिंगरीने खोदून खोदून विचारलं, आणि सुपरवायझरबाई, कळ, ताटात बोट, सगळं बाहेर आलं. ऐकता ऐकता पोरीचे डोळे भरले.

"मला वाटायचं तुला आमच्याशी बोलायचा कंटाळा येतो," ती म्हणाली. "बाबांना वाटतं बटण चुकतं. मला वाटायचं, चार मिनिटांत आजीचं आमच्यावरून मन उडतं. मी दर रविवारी झोप मोडून कुणासाठी उठते गं? बाबांशी मी रोज बोलते. आत्याशी मेसेजवर बोलते. त्या फोनवर मी तुझ्यासाठी येते."

चौतीस वर्षांत लाखो फोन त्यांच्या हातांखालून गेले असतील. त्यांतला एकही त्यांच्यासाठी नव्हता. आपल्यासाठी कुणी फोनवर येतं, ही गोष्ट त्यांच्या हिशोबातच कधी आली नव्हती, आणि आता ती ऐकून त्यांना आनंद झाला की रडू आलं हे त्यांना सांगता येईना. त्यांनी भिंगरीच्या कपात न विचारता आणखी चहा ओतला.

मग दोघी समोरासमोर बसून राहिल्या. भिंगरीच्या ओठांवर काहीतरी होतं. बाईंना ते काय आहे हे पक्कं माहीत होतं. बोल गं, बोल, असं त्यांना झालं.

"आजी, बाबा ना..." भिंगरीने सुरुवात केली आणि जीभ चावली. "जाऊ दे. वचन दिलंय."

दुसरी कुठली आजी असती तर तिने लाडीगोडी लावून ते काढून घेतलं असतं. बाईंनी मान हलवली. "दिलंय ना? मग पाळ," त्या म्हणाल्या. एकच गुपित दोघींच्या पोटात, आणि दोघी केक खात बसल्या. भिंगरी नक्की कुणाच्या वळणावर गेलीय, हा घरातला जुना वाद त्या दिवशी बाईंपुरता तरी मिटला.

रविवारी अकराला बाई लाकडी खुर्चीत बसल्या. एकाच खोलीत दोन फोन असले की आवाज घुमतो, म्हणून भिंगरी आपला फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि दार लोटून घेतलं. धाकटी आली. थोरला आला, मिक्सरसकट. भिंगरी आली. "आवाज येतोय? बरं. बोला," बाई म्हणाल्या, आणि बोट लाल बटणाकडे निघालं. सवय हाडामांसाची, ती एका दिवसात थोडीच सुटते?

"आजी, आज निघायचं नाही," चौकटीतून भिंगरी म्हणाली.

बाईंनी बोट मागे घेऊन मांडीवर ठेवलं. थोरला आणि धाकटी बघत राहिली. अकरा वाजून चार मिनिटं झाली, पाच झाली, सहा झाली. आईसमोर काय बोलायचं याची त्या दोघांनाही कुठे सवय होती? आणि बाईंना तर फोनवर 'नंबर सांगा'च्या पुढचं काही येतच नव्हतं. शेवटी त्यांनी तेच केलं जे येत होतं. समोरच्याला काय हवंय ते विचारलं.

"थोरल्या," त्या म्हणाल्या, "तुला कुणाशी बोलायचं आहे? माझ्याशी असेल, तर मी लाइनवर आहे."

थोरल्याने उठून मिक्सर बंद केला. परत येऊन बसला तेव्हा त्याचा चेहरा दहा वर्षांच्या मुलासारखा झाला होता.

"आई, मी पहिल्या तारखेला तुला न्यायला येणार होतो. कायमची. तुला न विचारता."

"का?"

"कारण तू जातेस." त्याचा आवाज चढला आणि तिथेच फुटला. "दर रविवारी तू 'बोला' म्हणतेस आणि चौकट काळी होते. मला वाटतं तू पडलीस. दर रविवारी वाटतं. मी वेड्यासारखा यांच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारतो, आणि फोन संपला की समोरच्या शिंपीणबाईंना फोन करून विचारतो, आई दिसतेय का खिडकीत. त्या म्हणतात, दिसतेय, बटाटे सोलतेय. मग माझ्या घशाखाली घास उतरतो. वर्ष झालं हे चाललंय."

ज्या तासाला त्या सुखाने हिरवी पट्टी बघत बसायच्या, त्याच तासाला पोरगा तिकडे जीव मुठीत धरून बसलेला असायचा. घराचं दुःख एका बाजूला राहिलं. आपण नेमाने बाजूला झालो, आणि त्या बाजूला होण्याने आपल्याच लेकराला वर्षभर घाबरवलं, हे त्यांना फार लागलं. मग त्यांनी सगळं सांगितलं, कालच्यापेक्षा लांबण लावून, अडखळत. एक गोष्ट तेवढी सांगितली नाही, ती दीड मिनिटांची. ती त्यांनी आजतागायत कुणाला सांगितलेली नाही, आणि मग आम्हाला कशी कळली, ते विचारू नका.

"आई," धाकटी नाक पुसत म्हणाली, "तू आमची ऑपरेटर नाहीस गं."

"कळलं. उशिरा कळलं, पण कळलं," बाई म्हणाल्या. "थोरल्या, मी चुकले. यापुढे मी निघणार नाही. पण घराला कुलूप लागणार नाही. मला इथेच राहायचं आहे. गॅस मी दोनदा बघते, आणि बरं नसलं तर आधी तुलाच सांगेन. तू पहिल्या तारखेला ये. मला न्यायला नको, भेटायला ये. चार दिवस राहा."

थोरल्याने बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाला, "चार नाही. आठ दिवस राहतो. पण दर रविवारी शेवटपर्यंत थांबायचं."

"थांबेन."

"मग आता बोल की," धाकटी म्हणाली.

"काय बोलू?"

"काहीही."

बाईंनी खूप विचार केला. तिघंही थांबली. कुणी मध्ये बोललं नाही, कुणी दुसरीकडे बघितलं नाही. "काल दूध नासलं," बाई शेवटी म्हणाल्या. "नवं पाकीट होतं, तरी नासलं." कुठल्या दुकानातलं, ते धाकटीने विचारलं. दुकानावरून दुकानदाराची गुडघेदुखी निघाली, गुडघ्यांवरून शिंपिणीच्या जावयाची मोटरसायकल, आणि मोटरसायकलवरून तो कारखाना आणि ते अकरा दिवस. बापाची नोकरी गेली हे मुलांना ठाऊक होतं. आईला ते आधी कळलं होतं, हे त्यांना आज कळत होतं. थोरल्याने मध्येच विचारलं, "मग बाबा काय म्हणाले?" आणि बाईंनी तेही सांगितलं. सांगताना त्यांना पहिल्यांदाच वाटलं, की त्या बोलण्यात कौतुक जास्त होतं.

साडेबाराला थोरल्याला हाक आली, त्याला जावं लागलं. एकला धाकटी झोपायला गेली, तिकडे मध्यरात्र होत आली होती. पडद्यावर भिंगरीची एकच चौकट उरली. मधे एक लोटलेलं दार आणि फार तर दहा पावलं. दोघींपैकी कुणीही उठलं असतं तरी चाललं असतं.

"आजी," भिंगरी स्वयंपाकघरातून फोनवर म्हणाली, "मग पुढे काय झालं?"

बाईंनी चष्मा काढून पुसला, परत लावला, फोन जरा जवळ ओढला आणि पुढचं सांगायला लागल्या.